तुझा लॅपटॉप आधी बंद ठेव

धंतोली, नागपूर
बुधवार, २१ जानेवारी

प्रिय भावना,

सप्रेम जय भीम. मघाशी तुझ्या सरिता वकिलांनी तुला फोन केला तेव्हा मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले होते. लॅपटॉप बंद ठेव, त्याचं इंटरनेट तोड आणि उत्पलाला आत्ताच्या आत्ता शाळेतून घेऊन ये, एवढंच त्यांनी तुला सांगितलं. पलीकडून तू तीनदा ‘काहून?’ विचारलंस. बाकीचे शब्द मला कळले नाहीत, पण ते तीन काहून स्पष्ट ऐकू आले. तीन महिन्यांनी तुझा आवाज ऐकला, तोही असा. सरिताबाई मला म्हणाल्या, कारण तुम्ही लिहून द्या, आमचे कारकून रामाजी साडेबाराच्या एसटीने स्वतः नेऊन देतील. म्हणून त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच पेनने लिहिते आहे. अक्षर तू ओळखलं असशील. सासूचं पत्र पाहून ते बाजूला ठेवावंसंही वाटलं असेल. तरी शेवटपर्यंत वाच, बेटा. तुझ्या गावाचं आणि शाळेचं नाव मी यात कुठेही लिहिणार नाही.

आधी कारण सांगते. घर सोडल्यावर तुला आसरा देणाऱ्या संस्थेने जो जुना लॅपटॉप दिला, विंडोजऐवजी लिनक्स टाकलेला, त्याच्या ब्राउझरमध्ये तू तुझं जुनं ईमेल खातं उघडलंस. ब्लाउजच्या डिझाइनची जपून ठेवलेली पानं आणि गिऱ्हाइकांची मापं त्यातच होती, म्हणून उघडलं असशील. पण तेच खातं आपल्या हॉलमधल्या कंप्युटरवर अजून उघडंच आहे. तू गेल्यावर ते कोणी बंद केलं नाही. खातं एक असलं आणि सिंक सुरू असलं, की दोन्ही मशीनवरचं सगळं ब्राउझर सारखं करून ठेवतो. तू तिकडे जे शोधतेस, जे पान उघडतेस, जो पासवर्ड सेव्ह करतेस, ते इकडे आमच्या हॉलमध्ये येऊन पडतं. तारीख आणि वेळेसकट. मागचंही पुसलं जात नाही, खाली सरकवत गेलं की पहिल्या दिवसापर्यंत जाता येतं.

पहिला दिवस सतरा नोव्हेंबरचा आहे. लिनक्समध्ये मराठी कसं टाइप करायचं, हा तुझा पहिला प्रश्न. मग लिनक्सला अँटीव्हायरस लागतो का. फायरवॉल सुरू आहे हे कसं ओळखायचं. फोरमवर कोणी दिलेली कमांड टर्मिनलमध्ये तशीच चिकटवली तर चालते का. ते वाचून मी घाबरले होते, कारण त्या पानावर कोणीतरी ‘सुडो’ने, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार देणाऱ्या शब्दाने, सुरू होणारी लांबलचक ओळ दिली होती आणि खाली दुसऱ्याने लिहिलं होतं, अजिबात चालवू नका, ही ओळ मशीन परक्याच्या हातात देते. तू ती चालवली नाहीस. कारण पुढचाच तुझा शोध होता, सुडो म्हणजे नेमकं काय. समजून घेतल्याशिवाय हात लावत नाहीस, हे मला माहीत आहे. मिक्सर नवा आला तेव्हासुद्धा तू आधी माहितीपत्रक वाचलं होतंस आणि प्रीतम हसला होता. डिस्क एन्क्रिप्ट कशी करायची तेही तू वाचलंस. अपडेट आठवड्यातून किती वेळा घ्यायचे, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावावी का, चांगला पासवर्ड किती अक्षरांचा. आणि चार डिसेंबरला दुपारी, नवरा आपल्यावर इंटरनेटवरून नजर ठेवतोय हे कसं ओळखायचं. त्या ओळीपाशी मी खूप वेळ बसून होते. ज्याला मी वाढवलं त्याच्या भीतीने कोणीतरी हे विचारतं आहे, आणि ते कोणीतरी तू आहेस.

आता रविवारचं. प्रीतम सकाळी कोराडी रोडला एका दुकानात सीसीटीव्ही बसवायला गेला होता. मी कंप्युटर लावला होता. समोर तुझी शनिवारची पानं होती. शाळेत जायच्या वेळी मुलीचं रोज पोट दुखतं, काय करावं. मग शाळेचं नाव. मग शाळेपासून बसस्टँड किती लांब, नकाशासकट. मी चष्मा लावून वाचत होते आणि ड्रिलचं एक बिट घरी विसरलं म्हणून तो परत आला. दार लोटलेलं होतं, मला चाहूल लागली नाही. मागून आवाज आला, “आई, हे काय पाहून राहिली तू?” मी म्हणाले, “काही नाही गा, इंदूबाईच्या नातीसाठी शाळा पाहून राहिले.” माझ्या मैत्रिणीची, इंदूबाईची, नात कॉलेजात आहे, हे त्यालाही ठाऊक आहे. तो खाली वाकला, स्क्रीन नीट वाचली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “पाहा ना मग, पाहा.” ड्रिलचं बिट घेतलं आणि गेला. आवाज चढवला नाही. तो चढवत नाही तेव्हा काय असतं, ते तुला मी सांगायची गरज नाही.

सोमवारी मी कंप्युटर लावला तर मशीनने पासवर्ड मागितला. आपल्या त्या मशीनला कधीच पासवर्ड नव्हता. मी प्रीतमला विचारलं, “काहून लावला गा?” तर पोहे खाता खाता म्हणाला, “व्हायरस आला होता आई. तू कायले टेन्शन घेऊन राहिली? तुले पेन्शनचं काही करायचं असन तर मले सांग, मी करून देतो.” म्हणजे आता तुझी पानं मला दिसत नाहीत, फक्त त्याला दिसतात. मी दिवसभर त्या बंद स्क्रीनसमोरून जा-ये करत होते. तू आत्ता काय लिहीत असशील, नेमकं आजच घराचा पत्ता तर कुठे टाकणार नाहीस ना, याशिवाय दुसरा विचार नव्हता. भाजीत दोनदा मीठ टाकलं.

मंगळवारी सकाळी मी मार्तंडरावांकडे गेले. ते टेलिफोन ऑफिसात माझ्याबरोबर होते, ते इंजिनियरच्या बाजूला आणि मी ट्रंक कॉल जोडून द्यायच्या बोर्डावर. रिटायर झाल्यापासून त्यांच्याकडे लिनक्सच आहे. पंधरा वर्षांचा कंप्युटर अजून चालवतात. मी म्हणाले, एका ओळखीच्या मुलीचं असं असं झालंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कोणती मुलगी ते विचारलं नाही. जुन्या टेलिफोनवाल्यांचं हेच असतं. बोर्डावर असताना लाइन जुळली की आम्हाला लाइनवरून बाजूला व्हावं लागायचं, दोन माणसांचं बोलणं त्या दोघांचंच. कोणी ऐकताना सापडली तर मेमो मिळायचा. मार्तंडराव एवढंच म्हणाले, “बाई, लिनक्स त्याचं काम करून राहिलं. पोरीनं सगळं बरोबर केलं. पण खात्यात शिरायची परवानगी ज्याच्याजवळ आहे, त्याला ना फायरवॉल अडवत, ना पासवर्ड लावलेली डिस्क. तो बाहेरचा नाहीच ना, तो आतलाच समजला जातो.” आणि वर म्हणाले, प्रायव्हेट विंडो लावली म्हणून सगळं झाकलं, असंही तिने समजू नये.

मग त्यांनी सांगितलं ते मी वहीच्या पानावर उतरवून घेतलं आणि ते पान पदरात बांधून आणलं. तू हे संस्थेतल्या ताईंसोबत बसून कर, एकटी करू नकोस. जुन्या खात्याला घाईने हात लावू नकोस, कारण पासवर्ड बदलला की त्याची सूचना खात्याला जोडलेल्या मोबाइलवर जाते, आणि तो नंबर प्रीतमचा आहे. ते खातं त्यानेच काढून दिलं होतं, आठवतं? तेव्हा आपल्याला त्याचं कौतुक वाटलं होतं. तुझ्या लॅपटॉपवर खातं उघडल्याचा मेसेजही नोव्हेंबरातच त्याच्याकडे गेला असणार. त्याने तेव्हा लक्ष दिलं नाही असं मी धरून चालले होते. आता कशाचीच खात्री वाटत नाही. म्हणून तू आणि उत्पला आधी दुसरीकडे जा. मग संस्थेच्या मशीनवर नवं खातं काढ, आपल्या घरातल्या कोणाला सुचणार नाही अशा पासवर्डचं. त्यात उत्पलाचं नाव नको, जन्मतारीख नको. दोन टप्प्यांची तपासणी लाव, पण तुझ्या स्वतःच्या नावावरच्या सिमवर. त्यानंतर जुन्या खात्यात जाऊन कुठकुठल्या मशीनवर ते उघडं आहे त्या यादीचा फोटो काढून ठेव. सरिताबाईंना पुरावा म्हणून तो हवा आहे, त्यामुळे हिस्ट्रीही पुसू नकोस. मग सगळ्या मशीनवरून ते एकदम बाहेर काढ, सिंक बंद कर, त्याचा नंबर काढून टाक, पासवर्ड बदल. आणि ब्राउझरने लक्षात ठेवलेला एकूणएक पासवर्ड नवा कर, बँकेचासुद्धा, कारण तेही सगळे आमच्या हॉलमध्ये आलेले आहेत. तू घर सोडताना तुझा फोन मुद्दाम तांदळाच्या डब्यावर ठेवून गेलीस, तेव्हा मला वाटलं होतं, पोरीने सगळा विचार केला आहे. केलाच होतास. एवढी एक जागा राहिली.

काल संध्याकाळी प्रीतमने गाडी सर्व्हिसिंगला दिली. भागीदाराला फोनवर म्हणाला, गुरुवारी मी नाही, बाहेरगावी जाऊन राहिलो. गुरुवार म्हणजे उद्या. मग बाजारातून एक निळं दप्तर घेऊन आला, त्यावर फुलपाखरं आहेत. टेबलावर ठेवलं आणि त्याच्या चेनशी बराच वेळ खेळत बसला. मला खरं लिहू दे, भावना. मला वाईट वाटलं. बाप आहे तो तिचा, लेकीसाठी दप्तर आणतो, या विचाराने क्षणभर माझं मन विरघळलं. चहा ठेवायला उठले तेवढ्यात त्याने विचारलं, “आई, दुसरीची शाळा किती वाजता सुटत असन?” सहज विचारावं तसं. मी म्हणाले, “मले काय माहीत.” तो म्हणाला, “हो, तुले काय माहीत,” आणि हसला.

आज सकाळी डोळे दाखवायला धंतोलीत जाते असं सांगून निघाले. धंतोली दवाखान्यांचीच, तिथे जाते म्हटलं की कोणी जास्त विचारत नाही. फोन घरीच चार्जिंगला ठेवला, कारण त्यातही लोकेशन पाहायचं त्याने काहीतरी लावून ठेवलं आहे, तू हरवू नयेस म्हणून, असं म्हणाला होता. डिसेंबरात तुझ्या वतीने आलेल्या नोटिशीवर सरिताबाईंचा पत्ता होता, तो विचारत विचारत आले. खाली हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. जिन्यात माणसं एक्स-रेची पाकिटं घेऊन बसली होती. त्यांच्यातून वर येताना मला तुझं मनगट आठवलं. आपण गेल्या वर्षी असंच पाकीट घेऊन बसलो होतो, तू, मी आणि मध्ये तो. डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, तर मी म्हणाले, बाथरूममध्ये घसरली. मला कोणी शिकवलं नव्हतं तसं सांगायला. माझं मीच बोलले. तुझ्या किंकाळीच्या वेळी मी शेजारच्या खोलीत होते आणि उत्पलाचे कान दाबून तिला गाणं म्हणून दाखवत होते, हेही मी आजवर कोणाला सांगितलं नाही. आज सरिताबाईंना सांगितलं. त्यांनी ते टाइप करून घेतलं आहे, माझी सही व्हायची आहे. कोर्टात उभं राहावं लागेल म्हणाल्या. राहीन. मुलाच्या विरुद्ध उभं राहायचं आहे, तरी राहीन.

इथपर्यंत लिहिलं आणि सरिताबाई आत आल्या. उत्पला तुझ्याजवळ पोचली, मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः तिला तुझ्या हाती दिली, आणि तुम्ही दोघी संस्थेच्या ताईंच्या गाडीत बसलात, असं म्हणाल्या; रामाजी हे पत्र आता त्या ताईंकडेच नेऊन देतील. पोलिसांकडेही त्यांनी लेखी दिलं आहे, उद्या शाळेच्या दारात माणूस असेल. मी त्यांच्याकडे पाणी मागितलं आणि प्यायचं विसरून गेले. मी आता घरी जाणार आहे. सरिताबाई नको म्हणतात, पण मी आज घरी दिसले नाही तर तो उद्याची वाट पाहणार नाही, आजच निघेल. उद्या तो गेला की मी इंदूबाईकडे राहायला जाईन. तिने खोली झाडून ठेवली आहे.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी खरं म्हणजे हा कागद मागून घेतला. बाकीचं सगळं सरिताबाईंनी तुला सांगितलंच असतं. सकाळी त्यांनी विचारलं, तुम्हाला हे कधी लक्षात आलं, तर मी म्हणाले, रविवारी. ते खोटं आहे. मला सतरा नोव्हेंबरलाच कळलं. लिनक्समध्ये मराठी कसं टाइप करायचं, ही ओळ मी त्याच दुपारी पाहिली आणि ही तू आहेस हे मला तेव्हाच उमगलं. बासष्ट दिवस, प्रीतम बाहेर गेला की मी रोज तो कंप्युटर लावत होते. उत्पलाला ताप आला ते मला कळलं, उतरला ते कळलं, तिला बेरजेत हातचा समजत नाही हे कळलं, तुला झोप लागत नाही हे कळलं. नोटिशीवर वकिलांचा पत्ता आला तेव्हाही मला येता आलं असतं. मी आले नाही, कारण तुला सांगितलं असतं तर तू ते बंद केलं असतंस आणि माझी नात मला पुन्हा दिसली नसती. मी स्वतःला समजावलं की त्याला काही ठाऊक नाही, मी एकटीच पाहते, माझ्या पाहण्याने कोणाचं काय बिघडतं. त्याने जे पाहिलं ते माझ्या खांद्यावरून पाहिलं, भावना. मी तिथे बसले नसते तर त्याला कदाचित कधीच कळलं नसतं. हे पाकिटात घालून झालं की मी सरिताबाईंच्या खोलीत जाऊन तारीख दुरुस्त करून घेणार आहे. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. एवढ्यासाठी लिहिते की उद्या ते खातं बंद करताना आईसाठी काहीतरी एक उघडं ठेवावं असं तुझ्या मनात येईल, तुझा स्वभाव तसा आहे. ठेवू नकोस. मला नवा पत्ता पाठवू नकोस, फोटो पाठवू नकोस, कोणाच्या हाती निरोपही नको. सगळं बंद कर, माझ्यासाठीसुद्धा.

तुझीच,
कौशल्या